मदत हवी आहे: आमचं वावर जास्त किफायतशीर की काकांचं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. आमचं चार एकर आणि काकांचं चार एकर, धुऱ्याला धुरा लागून. माती तीच, पाऊस तोच, दोघांकडेही पराटीच. गेल्या हंगामाचा हिशेब वहीत मांडला आणि तेव्हापासून डोक्यात गोंधळ आहे.

आम्हाला २८ क्विंटल कापूस झाला, काकांना ३४. भाव दोघांनाही सरासरी ७,००० पडला. रोख खर्च आमचा ८४,०००, त्यांचा १,६२,०००. म्हणजे आमच्या हाती १,१२,००० उरले, त्यांच्या हाती ७६,०००. बाबा खूश झाले.

पण काका-काकूंना आता वावरात काम होत नाही, निंदणापासून वेचणीपर्यंत सगळं मजुरीवर. दहा बाया लावल्या की दोन दिवसांत निंदण साफ. आमच्याकडे आई एकटी बसते. शेवटच्या तासापर्यंत (ओळीपर्यंत) पोचेस्तोवर पहिल्या तासात गवत पुन्हा वर आलेलं असतं. झडती (उत्पन्न) कमी यायचं मोठं कारण मला हेच वाटतं.

आईचे ९५ दिवस आणि बाबांचे ६० मी मोजले. गावातला रोज बाईला २५०, गड्याला ४००. झाले ४७,७५०. आई म्हणाली, "माह्या कामाचे पैसे कायले मांडतं? मी का मजूर आहो?" तेव्हा तिच्या बोटांत बोंडाची वाळकी टोकं रुतलेली होती. मी आकडा खोडला नाही. हमीभाव ठरवतानाही ए२+एफएल खर्चात (ए२ म्हणजे खिशातून झालेला खर्च, एफएल म्हणजे घरच्यांची मजुरी) ती धरतातच. २०२४-२५ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा तो खर्च ४,७४७ धरून हमीभाव ७,१२१ ठरला होता.

आता खरी अडचण. मजुरी धरल्यावर क्विंटलमागे खर्च आमचा ४,७०५ आणि काकांचा ४,७६५, म्हणजे आम्ही किंचित स्वस्तात पिकवतो. पण एकरी नफा आमचा १६,०००च्या आसपास, त्यांचा १९,०००. आणि सी२ या आणखी व्यापक सरकारी हिशेबासारखं स्वतःच्या जमिनीचं भाडंही धरलं (इथे मक्ता एकरी १२,००० आहे) तर क्विंटलमागे आम्ही ६,४२०, काका ६,१७६. माप बदललं की जिंकणारा बदलतो!

जाणकारांनी कृपया सांगावं, दोन वावरांची तुलना करायची तर यातलं कोणतं माप धरावं? ज्या दिवशी आईला गावात दुसरं काम मिळालंच नसतं, त्या दिवसाचाही पूर्ण रोज लावायचा का? आणि बैलजोडीचं काय? चारा घरचा, पण तीच जोडी शेजाऱ्यांच्या डवरणीलाही जाते.

घाई यासाठी की आईचे गुडघे फार दुखतात. यंदा निंदणाला बाया लावायच्या असं माझं मत आहे, बाबा रोख खर्चावर अडून बसलेत. पेरणीआधी त्यांच्यापुढे हिशेब ठेवायचा आहे.