झटपट खमण: लाल ठिपके, मधे खळगा आणि घशाला तोठरा. नेमके कुठे चुकते?

डबेकरी:

आठ जणांसाठी साधारण पाऊण तासात होईल असा वाफवलेला तिखटमिठाचा पदार्थ हवा आहे. पहिली पसंती खमणाला, पण तीन दोष जात नाहीत. सध्याचे प्रमाण असे: बेसन दोन वाट्या (वाटी १५० मिलीची), पाणी दोन वाट्या, हळद अर्धा छोटा चमचा, एका लिंबाचा रस, साखर, मीठ आणि शेवटी खाण्याचा सोडा एक छोटा चमचा. सोडा घातल्यावर मिश्रण दोन-तीन मिनिटे फेटते, ताटलीत ओतते, कुकरमध्ये पाणी घालून ताटली ठेवते आणि शिटी काढून मध्यम आचेवर २० मिनिटे वाफवते.

दोष असे:
– वरून आणि आतूनही तांबडे-लाल ठिपके.
– कडा फुगतात, मधे खळगा पडतो, आणि खळग्याखालचा भाग चिकट राहतो.
– कडेचे तुकडे खाताना घशाला तोठरा बसतो.

ईनो वापरले की ठिपके जातात, पण खळगा तसाच. सोड्यानेही जमायला हवे ना? आणि सोडाच नको असेल तर त्याच वेळात दुसरे काय होईल?

मापटे:

सोड्याने नक्की जमते. तुमच्या प्रमाणात सोडा आणि आंबट यांचा हिशेब बसत नाही, लाल ठिपके त्याचेच आहेत.

हळद क्षारात लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लालसर दिसतो, तसेच हे. आंबट कमी पडले की सोडा उरतो आणि जिथे तो नीट मिसळलेला नाही तिथे ठिपका उठतो. हा उरलेला सोडा वाफेच्या उष्णतेने फुटतो, थोडा वायू आणखी देतो, पण मागे राहणारा क्षार सोड्याहून तीव्र असतो. साबणासारखी चव येते तीही त्यामुळेच.

आता माप. ४ ग्रॅम सोडा पुरता संपायला सुमारे ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते. बाजारात ते लिंबूफूल किंवा लिंबूसत्त्व म्हणून मिळते. छोटा सपाट चमचा सोडा म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम. एका कागदी लिंबाच्या रसात आम्ल फार तर एक-सव्वा ग्रॅम. म्हणजे तुमचा निम्म्याहून जास्त सोडा तसाच उरतो. लिंबाच्या रसावर भागवायचे तर तीन-चार लिंबे पिळावी लागतील, आणि मग पाण्याचे माप बिघडेल. लिंबूफूल घ्या.

एका सात इंची ताटलीचे माप:

बेसन १५० ग्रॅम (बारीक, चाळलेले. लाडूचे रवाळ बेसन नको)
पाणी २०० मिली
लिंबूफूल अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित जास्त
साखर २ छोटे चमचे
मीठ पाऊण छोटा चमचा
आले-मिरची वाटून १ छोटा चमचा
तेल १ मोठा चमचा
हळद दोन चिमटी, जास्त नको
सोडा पाऊण छोटा चमचा, सपाट

तुमच्या दोन वाट्या बेसन साधारण १४० ग्रॅम भरेल आणि त्यात तुम्ही ३०० मिली पाणी घालता. इतके पातळ पीठ बुडबुडे धरून ठेवूच शकत नाही. ते वर येऊन फुटतात आणि पीठ खाली बसते. पळीतून ओतल्यावर सलग पट्टीसारखे पडावे आणि पृष्ठभागावरची घडी दोन-तीन सेकंदांत विरावी, इतपत दाट ठेवा. बेसन जुने-नवे असेल तसे पाणी एखादा चमचा इकडेतिकडे होईल, म्हणून आधी १८० मिली घाला आणि बाकीचे बघून.

सोडा सोडून सगळे एकत्र करून १५ मिनिटे झाकून ठेवा. बेसन पाणी पिते, नंतर पीठ घट्ट वाटले तर चमचाभर पाणी तेव्हाच घाला, सोड्यानंतर नाही. सोडा चहाच्या गाळणीतून पिठावर भुरभुरवा म्हणजे गुठळी राहत नाही. वर एक चमचा पाणी टाका, आणि हलक्या हाताने २०-२५ सेकंद ढवळा. पीठ फसफसून फिकट झाले की थांबायचे. दोन-तीन मिनिटे फेटणे हीच तुमची दुसरी मोठी चूक आहे: ताटलीत फुगायचे ते सगळे पातेल्यातच फुगून संपते.

वाफेवरचा:

मापटे यांनी पिठाचे सांगितले, पण ईनो घालूनही खळगा पडतोय म्हणजे वाफेतही दोष आहे. बहुतेक पाककृती शेवटी एका ओळीत ‘वाफवून घ्या’ म्हणतात आणि तिथेच पदार्थ जातो.

पाणी आधी उकळलेले हवे. खळखळून उकळी आली, झाकणाखाली भरपूर वाफ धरली, की मगच पिठात सोडा घाला. गार पाण्यावर ताटली ठेवली तर वाफ धरायला पाच-सात मिनिटे जातात. तोवर पीठ कोमट होते, वायू निघून जातो, पण पीठ सेट होत नाही. कडा धातूला लागून आधी शिजतात म्हणून उभ्या राहतात, मधला भाग खाली बसतो. तुमचा खळगा अगदी याच आकाराचा आहे.

आच पहिली १० मिनिटे मोठी, नंतर मध्यम. एकूण १५ ते १८ मिनिटे, आणि वेळ मोजायची ती शिटीच्या नळीतून सरळ वाफ यायला लागल्यापासून. कुकरची रबरी रिंग लावलेली असू द्या, नाहीतर वाफ कडेने निसटते. पहिली १२ मिनिटे झाकण उघडायचे नाही. शिटी लावूनही वाफवू नका. दाब सुटताना खमण दाबले जाते.

ताटली पाण्यापासून दोन बोटे तरी वर हवी. तळाशी पालथी वाटी नको, ती उकळीने हलते आणि ताटली कलंडते. तिवई किंवा जाळीच ठेवा. पाण्यात एक स्वच्छ नाणे टाकले तर ते खडखडत राहते, आवाज थांबला की पाणी संपले समजायचे. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असेल तर पिळलेल्या लिंबाची साल पाण्यात टाका, आतून काळा पडत नाही.

वरचा ओला थर हा झाकणावरून टपकणाऱ्या पाण्याचा असतो. मोदकपात्र किंवा कढई वापरत असाल तर झाकणाला सुती पंचा बांधा, टोके वर घेऊन गाठ मारा, खाली लोंबली तर पेटतील. कुकरमध्ये ताटलीवर दुसरी ताटली अधांतरी झाकता येते, पण ती पिठाला टेकता कामा नये. ताटली निम्मीच भरा.

शिजले का ते मधोमध सुरी घालून बघा, कडेला नाही. सुरी कोरडी निघाली की गॅस बंद करा आणि पाच मिनिटे तसेच राहू द्या. एकदम उघडून गार हवेत आणले तर चांगले फुगलेले खमणही थोडे आकसते.

फोडणीपुरते:

तोठऱ्याबद्दल. कुणी म्हणेल बेसन वाईट आहे. क्वचित असतेही, जुन्या बेसनाला कडवट वास येतो. पण तोठरा बसतो त्याची खरी कारणे तीन: पीठ भिजू दिले नाही, पिठात तेल नाही, आणि वरून पाणी पाजले नाही. तुमच्या मापात तेल दिसत नाही आणि फोडणीचा उल्लेखच नाही.

खमणावरची फोडणी पाण्याची असते. १५० ग्रॅम बेसनाच्या खमणाला दीड मोठा चमचा तेल, एक छोटा चमचा मोहरी (पूर्ण तडतडू द्या), एक छोटा चमचा तीळ, हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पाने, दोन मिरच्या उभ्या चिरून. गॅस बंद करून मिनिटभराने १०० ते १२० मिली पाणी घाला. गरम तेलात लगेच ओतले तर अंगावर उडते. मग दोन छोटे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून एक उकळी. गॅसवरून उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस.

आधी खमण कापा, मग ओता. न कापलेल्या खमणावर ओतले की पाणी कडेला जमते आणि मधले तुकडे कोरडे राहतात. खमण कोमट आणि फोडणीही कोमट असावी. चमच्याने थोडी थोडी सगळीकडे घाला, १० मिनिटे मुरू द्या, तोवर खोबरे-कोथिंबीर पसरू नका. इतके पाणी जास्त वाटेल, पण जाळी नीट पडली असेल तर सगळे शोषले जाते. पाणी वर तरंगत राहिले तर समजा जाळी पडलेली नाही.

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे: घाई असताना सोडा-लिंबूफूल मोजत बसण्यापेक्षा ईनो बरे. त्यात आम्ल आणि सोडा आधीच जुळवलेले असतात. १५० ग्रॅमला ५ ग्रॅमची एक पुडी पुरे. पिठात लिंबूफूल मग फक्त चवीपुरते, पाव छोटा चमचा. साधे किंवा लिंबाच्या चवीचे घ्या, संत्र्याचे नको. पुडी फोडून ठेवलेली असेल तर ओल धरते आणि जोर जातो.

मापटे:

ईनोला हरकत नाही. परदेशात ते सहज मिळत नसेल तर दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चालते. अमेरिकेत मिळणारी बहुतेक दुहेरी क्रियेची असते, म्हणजे थोडा वायू पाणी लागताच आणि बाकीचा उष्णतेने सुटतो, त्यामुळे घाई कमी लागते. आंबटपणा मात्र त्यातून येत नाही, चवीपुरते लिंबूफूल घालावे लागेल.

डबेकरी:

सगळ्यांचे आभार. पाणी गारच असायचे, तेल नव्हते, फोडणी कोरडी असायची. दोन प्रश्न राहिले. आठ जणांसाठी दुप्पट पीठ एकाच खोल डब्यात लावले तर चालेल का? आणि सोडा नसलेले पर्याय कुणी सांगेल का?

वाफेवरचा:

खोल डब्यात नको. थर दुप्पट झाला की मध्यापर्यंत उष्णता जायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, तोवर बाहेरचे कोरडे होते. दोन ताटल्या करा. पीठ सोड्याआधीच दोन भांड्यांत वाटा, पहिली ताटली निघाली की दुसऱ्यात सोडा घाला. पहिलीला फोडणी देऊन मुरेपर्यंत दुसरी होते. मधे कुकरमध्ये पाणी घालायचे तर उकळतेच घाला. मोठ्या पात्रात एकावर एक लावायच्या असतील तर मधे चार बोटे अंतर हवे, आणि वरच्या ताटलीचे पाणी खालच्या पिठात ठिबकणार नाही हे बघा.

हळदीचे पान:

सोड्याशिवाय दोन पदार्थ आपल्याकडचेच आहेत.

कोथिंबीर वडी. निवडलेली कोथिंबीर १०० ग्रॅम, म्हणजे एक मोठी जुडी. धुऊन फडक्यावर पसरून वाळवा, ओली राहिली तर बेसन जास्त लागते आणि वडी दडस होते. चिरून त्यात मीठ, आले-लसूण-मिरची वाटून दीड चमचा, जिरे, तीळ एक मोठा चमचा, हळद, चिंचेचा घट्ट कोळ एक मोठा चमचा आणि सुपारीएवढा गूळ कालवा. पाच मिनिटे थांबा. मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटते, हे थांबणे चुकवू नका, कारण पाणी किती लागेल ते त्यानंतरच कळते. मग बेसन १०० ग्रॅम, तांदळाचे पीठ दोन मोठे चमचे, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन. पाणी दोन-तीन चमचेच. हाताला तेल लावून दोन इंच जाडीचे उंडे करा आणि तेल लावलेल्या चाळणीत १८ ते २० मिनिटे वाफवा.

वडी फुटते ती गरम कापल्यामुळे. कापायला पूर्ण गार हवी, त्यात अर्धा तास जातो. तेवढा वेळ नसेल तर पीठ थोडे सैल करून ताटलीत बोटभर थर थापा, १५ मिनिटे वाफवा, पंख्याखाली १० मिनिटांत कापण्याजोगी होते. मग तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा, किंवा नुसती फोडणी घाला.

निवगऱ्या. मोदकांची उरलेली उकड घेऊन कोकणात करतात, पण मुद्दाम करण्यासारख्या आहेत आणि या यादीत सगळ्यात कमी वेळाच्या. एक वाटी मोदकाची ताजी पिठी असेल तर एक वाटी पाणी, बाजारचे कोरडे पीठ असेल तर सव्वा वाटी. पाण्यात मीठ आणि एक छोटा चमचा तेल घालून उकळी आली की पीठ घाला, ढवळा, मंद आचेवर दोन मिनिटे झाकण. परातीत काढून गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने गुठळी न राहेपर्यंत मळा. मळण्यात आळस केला की कडा चिरतात. त्यात मिरचीचा ठेचा, जिरे आणि कोथिंबीर बारीक चिरून. लिंबाएवढा गोळा तळहातावर चपटा करा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पात्रात हळदीचे पान पसरा, नसेल तर केळीचे, पात्राला उकळी आलेली असू द्या आणि १० मिनिटे वाफवा. निवगरी बोटाला चिकटेनाशी झाली आणि चकाकली की झाली. गरमच वाढा, सोबत कच्चे तेल किंवा लोणी, आणि दही.

गार झालेल्या निवगऱ्या कडक होतात, म्हणून पाहुणे बसल्यावर वाफवायला ठेवा. गोळे आधी करून ओल्या फडक्याखाली तासभर चांगले राहतात.