गाडीचे हेडलाईट पिवळे, मंद झालेत? काय केलंत, किती फरक पडला – अनुभव लिहा

गेल्या शनिवारी रात्री कऱ्हाडहून चिपळूणला येत होतो. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. पाऊस नव्हता, धुकं पण नव्हतं, तरी मला रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसेना. समोरून कुणी आलं की त्याच्या उजेडात तेवढ्यापुरतं वळण कळायचं आणि तो गेला की परत अंधार. एका वळणावर म्हैस बसलेली होती, ती दिसली तेव्हा मधे जेमतेम दोन गाड्यांचं अंतर होतं. शेजारी बायको, मागे दोन्ही मुलं झोपलेली. खाली पोफळीला गाडी कडेला घेतली, उतरलो आणि किती तरी महिन्यांनी हेडलाईटकडे नीट पाहिलं. काच पिवळी, वरच्या अर्ध्या भागात जास्तच, आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागते. गाडी 2012 ची आहे, कायम उघड्यावर उभी असते. मी दर रविवारी हातानं गाडी पुसतो, पण उजेड इतका हळूहळू जातो की लक्षातच आलं नाही.

आता मेकॅनिक म्हणतो एलईडी टाका, मेव्हणा म्हणतो 100/90 वॅटचे बल्ब टाक, आणि व्हिडिओत सगळे टूथपेस्ट घासतायत. ज्यांनी स्वतः काही केलंय त्यांनी कृपया लिहा, काय केलं, खर्च किती आला, किती दिवस टिकलं. ऐकीव नको.

कोथरूडची ताई

माझं दोन वेळा करून झालंय, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर, म्हणून सविस्तर लिहिते. ही काच म्हणजे काच नसतेच, पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. कंपनीतून येताना त्यावर उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर दिलेला असतो, तो उन्हानं आणि धुळीनं झिजला की आतलं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. वरचा भाग जास्त पिवळा का, तर ऊन वरून पडतं. जुन्या मारुती 800 ला, अँबेसेडरला खरी काच होती, ती फुटायची पण पिवळी नाही पडायची.

पहिल्यांदा मी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारून पॉलिश केलं आणि सोडून दिलं. चकाचक झालं, सोसायटीत दोघांनी विचारलं पण. चार-पाच महिन्यात आधीपेक्षा वाईट, कारण जो काही उरलासुरला थर होता तो मीच घासून काढला होता आणि वर नवीन काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी असं केलं. आजूबाजूच्या पेंटला मास्किंग टेपचे दोन थर लावले. 1000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवून, काच सतत ओली ठेवून आडवा घासला. पहिल्यांदा जे पाणी खाली येतं ते हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असतं, तो जुना थर. ते पाणी दुधासारखं पांढरं यायला लागेपर्यंत थांबायचं नाही, मधेच थांबलं तर पिवळे डाग राहतात आणि ते नंतर जात नाहीत. मग 1500 उभा, 2000 आडवा, शेवटी 3000. प्रत्येक वेळी दिशा बदलायची म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. एवढं झाल्यावर काच दूधकाचेसारखी धुरकट दिसते आणि पोटात गोळा येतो की गाडी खराब केली, पण घाबरू नका, पॉलिशच्या कंपाऊंडनं घासलं की स्वच्छ होते. नंतर सगळं पुसून, पूर्ण वाळवून यूव्ही क्लिअर कोटचे दोन पातळ हात. हे सावलीत आणि वारा नसताना करायचं, मास्क लावून. दोन्ही बाजू मिळून अर्धा दिवस गेला, सामान साधारण अकराशेचं आलं. याला आता अडीच वर्षं होतील, डाव्या बाजूला अगदी कडेला थोडं पिवळं दिसतंय, बाकी ठीक.

डोंबिवलीकर

टूथपेस्ट : तीन आठवडे. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेवढंच. त्याच दिवशी रात्री बाहेर जायचं असेल तर करा, नाहीतर वेळ घालवू नका. आणि ते डास पळवायचा स्प्रे मारून काच स्वच्छ करायचा व्हिडिओ फिरतोय ना, तो कृपया कुणी करू नका. त्यात डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं म्हणून लगेच चकचकीत वाटतं. माझ्या भावाच्या गाडीला त्यानंतर बारीक तडे गेले, मग अख्खा लॅम्प बदलायला लागला.

कोल्हापूरचा वायरमन

वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, म्हणून काचेच्या मागचं सांगतो. माझ्याकडं लाईट कमी म्हणून जेवढ्या जुन्या गाड्या येतात त्यातल्या निम्म्यांत तरी बल्बला करंटच पुरता पोचत नसतोय. गाडी चालू असताना बॅटरीवर मीटर लावला की 14 व्होल्ट दाखवतोय, आणि लाईट चालू ठेवून होल्डरच्या मागं लावला की 11.3. मधले पावणेतीन व्होल्ट गेले कुठं? बारीक जुनी वायर, झिजलेला स्विच, गंजलेला अर्थ (म्हणजे बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर), सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं. आणि हॅलोजन बल्बचं, म्हणजे आपल्या साध्या तारेच्या बल्बचं, असं आहे की व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड 30 टक्क्यांच्या आसपास कमी होतोय. म्हणजे तुम्ही महागातला बल्ब टाकला तरी तो उपाशीच राहणार.

मी आधी अर्थ बघतो. बॉडीला जिथं बोल्ट लावलाय तिथला गंज पॉलिश पेपरनं काढून, परत घट्ट करून ग्रीस लावायचं, कधी कधी एवढ्यातच काम होतंय. नाहीतर रिले टाकायचा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर थेट रिलेला आणि तिथून बल्बला, जुनी वायर फक्त रिलेला इशारा द्यायला ठेवायची. डिपला (खालच्या फोकसला) एक, अप्परला (लांबच्या फोकसला) एक, असे दोन रिले आणि चिनीमातीचे होल्डर. हे केलं की तोच साधा 60/55 चा बल्ब दुप्पट झाल्यासारखा वाटतोय, लोक विचारतात कुठला बल्ब टाकला.

100/90 बद्दल विचारलंय. दादा, नका टाकू. कायद्यात बसत नाही ते एक झालं, पण 55 चा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतोय, 90 चा साडेसात, आणि असे दोन. जुन्या वायरिंगवर ते टाकलेले वितळलेले होल्डर माझ्याकडं डबाभर पडलेत, एकदा तर गिऱ्हाईक पेटलेलं कॉम्बिनेशन स्विच हातात घेऊनच आलं होतं. आणि बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका, घामाचा तेलकट डाग राहिला की तिथंच तापून लवकर जातोय. बदलताना दोन्ही बाजूचे एकदम बदला.

ऊसपट्टा

आमच्याकडे कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक दोन जोडलेल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, ऊस बाहेर आलेला. ती ट्रॉली दिसायला उजेड पाहिजे म्हणूनच मी एलईडी टाकले होते. पहिल्या दिवशी लई भारी वाटलं, समोरचं सगळं पांढरंफेक. पण लोक सारखे डिप्पर मारायला लागले, मी डिपवर असताना सुद्धा. मला वाटायचं लोकांनाच सवय नाही.

मग एकदा भाऊ माझी गाडी घेऊन गावाकडून येत होता आणि मी मोटरसायकलवर वडिलांना मागं बसवून समोरून जात होतो. गाडी माझीच आहे हे मला ती शेजारून गेल्यावर कळलं, कारण त्याआधी मला काहीच दिसत नव्हतं. रस्ता दिसेना, साइडपट्टी दिसेना, मी गाडी थांबवून एक पाय खाली टेकवून उभा राहिलो. वडील फक्त म्हणाले, कोण आहे रे हा. मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी काढले. नंतर समजलं की आतला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या हिशोबानं बनवलेला असतो, ती तार जिथं असते बरोबर तिथूनच उजेड निघाला पाहिजे. एलईडीची पट्टी वेगळ्या आकाराची असते म्हणून उजेड वर, बाजूला, कुठंही फेकला जातो. गाडीच्या नाकासमोर जास्त पडतो आणि लांबचं उलट कमी दिसतं, पावसात तर अजूनच. आता साधे चांगल्या कंपनीचे हॅलोजन आहेत, निळी छटा नसलेले. निळ्या कोटिंगनं उजेड पांढरा दिसतो पण कमी होतो.

कळव्याहून

डॅशबोर्डवर उजव्या हाताला 0, 1, 2, 3 लिहिलेलं एक छोटं चाक असतं बऱ्याच गाड्यांत. ते हेडलाईट वर-खाली करायचं. एकटे असाल तर 0, मागं माणसं आणि डिकीत सामान असेल तर वाढवत जायचं म्हणजे फोकस खाली येतो. माझं मुलानं खेळताना 3 वर नेऊन ठेवलं होतं आणि मी वर्षभर गाडीपुढचं डांबर बघत चालवत होतो. आधी हे बघा, फुकट आहे.

वाशिष्ठीकाठ

22 जुलै 2021 च्या पुरात आमची गाडी बॉनेटच्या वर पाण्यात होती. इंजिन, सीटं, सगळ्याचं काम झालं, गाडी चालू झाली. लाईटच्या आत गाळ होता तो पाण्यानं धुऊन काढला, वरची काच बाहेरून एकदम स्वच्छ, म्हणून मी निर्धास्त. पण रात्री उजेड म्हणजे देवघरातल्या समईएवढा. बल्ब बदलले, नंतर रिले पण टाकला, फरक नाही. शेवटी एका जाणत्या माणसानं टॉर्च घेऊन काचेतून आत बघायला सांगितलं. आरशाची चांदी बल्बच्या वरच्या बाजूला पूर्ण करपल्यासारखी, खाली धुरकट, मधे मधे पापुद्रे. ती चांदी गेली की त्या लॅम्पचं आयुष्य संपलं, बाहेरून कितीही घासा. आतून फडकं मारायला जाऊ नका, थोडीफार राहिलेली पण फडक्याबरोबर निघून येते, माझी आली. नवीन जोडी 5,400 ला पडली, बंपर उतरवून बसवायची मजुरी वेगळी. पुरात अंगण, कपाटं, कागदपत्रं किती काय गेलं, त्यात या आरशाकडे बघायचं कुणाला सुचणार. पण चिपळूणमधे त्या पुरातून वाचलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांनी एकदा टॉर्च मारून बघाच.

स्टुटगार्टहून

इकडे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची मुख्य तपासणी असते, नवीन गाडीची पहिली तीन वर्षांनी. माझी सेकंडहँड गाडी धुरकट काचेमुळे नापास झाली. मी म्हटलं घरी पॉलिश करते, तर तपासनीसानं सांगितलं की वरचा थर काढला की लॅम्पची मूळ मंजुरी राहते का हाच वादाचा मुद्दा आहे. त्यामुळे इकडे बरेच जण सरळ लॅम्प बदलतात, मी पण बदलला, पैसे बरेच गेले. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब लावायला इथे पहिली परवानगी 2020 मधे मिळाली, ती सुद्धा ओसरामच्या एका बल्बला आणि ठराविक गाड्यांपुरतीच, प्रत्येक मॉडेलच्या लॅम्पमधे तपासून. वर ऊसपट्टा यांनी जे लिहिलंय तेच कारण. एक गोष्ट मनापासून आवडली, ऑक्टोबरात बरीचशी गॅरेजं लाईट फुकट तपासून देतात, 1956 पासून चालू आहे हे. आपल्याकडे उसाच्या हंगामाआधी असं झालं तर किती बरं होईल.

नगर रोड

ऑनलाइन लॅम्प घेणाऱ्यांसाठी. आपण डावीकडून चालवतो म्हणून डिपचा उजेड डावीकडे थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा माणूस, पाटी दिसते आणि समोरच्याला त्रास होत नाही. मी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जोडी उजवीकडून चालवणाऱ्या देशासाठीची निघाली. बसली एकदम फिट, कनेक्टर तोच, दिसायला तीच. पण भिंतीवर मारल्यावर चढ उजवीकडे, थेट समोरच्याच्या डोळ्यात. परत केली. नंतर नाना पेठेत जुना लॅम्प हातात घेऊन गेलो आणि दुकानातच बल्ब लावून भिंतीवर बघून मग घेतली.

निवृत्त, सातारा

माझा अनुभव जरा वेगळा आहे. वय 67. काच पॉलिश केली, बल्ब बदलले, मुलानं लॅम्पसुद्धा नवीन घेऊन दिले. तरी रात्री दिसेना, आणि समोरच्या दिव्याभोवती मोठं वलय. सून म्हणाली, बाबा, एकदा डोळे दाखवूया. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशननंतर खंबाटकी उतरताना मी मुलाला विचारलं, तू परत बल्ब बदललेस का रे? पन्नाशी-साठीच्या पुढच्या मंडळींनी गाडीबरोबर हे पण बघावं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रविवार यातच होतो म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. ते चाक आमच्याकडे 0 वरच होतं. मीटर लावला तर बॅटरीवर 14.1 आणि होल्डरला डावीकडे 11.6, उजवीकडे 12.4. डावीकडचा अर्थ बोल्ट हातानंच फिरला इतका सैल होता. तो साफ करून घट्ट केल्यावर 12.5 आलं, रिले पुढच्या आठवड्यात इथल्या वायरमनकडून टाकून घेतोय, बल्ब 60/55 चेच राहतील. काच कोथरूडच्या ताईंनी सांगितलं तशी केली, ते हळदीचं पाणी अगदी तसंच आलं. मुलगा पाणी मारत होता आणि पांढरं झालं की ओरडून सांगत होता.

टॉर्चनं आत पण पाहिलं. उजवा आरसा लख्ख आहे. डाव्यात बल्बच्या वर रुपयाएवढा करपट डाग दिसतोय, बाकी ठीक वाटतो. वाशिष्ठीकाठ, तुमचा बदलायच्या आधी सुरुवातीला एवढाच होता का, की अख्खाच गेलेला होता? फोटो काढून ठेवलाय. तोवर घाटातून रात्रीचं जाणं बंद ठेवलंय, परवा सासऱ्यांना आणायला जायचंय तेही पहाटे उजाडल्यावरच निघणार आहे.