‘अनिश्चितता’ला ‘संशय’ म्हणावं का?

प्रश्न : नमस्कार. नदीप्रदूषणावरचा एक लेख मराठीत करतेय. ‘सायंटिफिक अनसर्टन्टी’ला मी ‘वैज्ञानिक संशय’ लिहिलं. वाचायला सोपं आहे, पण मनाला खटकतंय. ‘लॉबिंग’ला तरी मराठीत नेमका शब्द आहे का?

उत्तर : ताई, खटकतंय ते बरोबर आहे. मराठीत संशय माणसाचा घेतात. शंका विचारतात आणि तिचं निरसन होतं. शास्त्रातली अनिश्चितता या दोन्हींपेक्षा वेगळी. ती अंदाजातली कमी-जास्त आहे.

माझे आजोबा शिरोळकडचे. बांधावर उभं राहून उसाकडं बघायचे आणि सांगायचे, “एकरी ४०-४५ टन पडंल.” पाच टन इकडं-तिकडं होणार, हे त्या बोलण्यातच आलं. म्हणून फडात ऊस आहे का नाही, असं कुणी कधी विचारलं नाही. शास्त्रज्ञ ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ म्हणतात, तेव्हा ते आजोबांसारखंच बोलत असतात.

मला हा भेद जिव्हाळ्याचा का वाटतो, तेही सांगतो. पंचगंगेचं पाणी काळं पडलं होतं, बंधाऱ्याजवळ मासे वर येऊन तोंड उघडत होते. पोरं ते टोपलीनं भरत होती. पाण्यात मळी येवो नाहीतर मैला, ती घाण कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात आणि मासा गुदमरतो. यात वाद नाही. गावांच्या सांडपाण्याचा वाटा किती आणि कारखान्यांचा किती, यात कमी-जास्त असू शकतं. पुढं बैठक झाली, तेव्हा एका कारखान्याचा माणूस शांतपणे म्हणाला, “नेमकं कुणाच्या पाण्यानं झालं, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध व्हायचंय.” झालं! ‘किती’चा प्रश्न ‘खरंच का’वर गेला. तावातावानं आलेली माणसं गप्प होऊन घरी गेली. तुमच्या लेखात ‘वैज्ञानिक संशय’ छापून आलं, तर त्या माणसाचं वाक्य आपणच लिहून दिल्यासारखं होईल.

‘लॉबिंग’साठी आपल्याकडं ‘फिल्डिंग लावणं’ हा जिवंत शब्द आहे. ‘साखर लॉबी’, ‘बिल्डर लॉबी’ही पेपरात रुळलेत. ‘मोर्चेबांधणी’ला निवडणुकीचा वास येतो. पण फिल्डिंग मंत्र्यांच्या दारी लागते. लोकांच्या मनावर जे काम चालतं, त्याला मी ‘शंका पेरणं’ म्हणेन. १९६९ साली अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलं होतं की, शंका हाच आपला माल आहे. सिगारेट निर्धोक आहे हे पटवायची त्यांना गरजच नव्हती. ‘अजून नक्की नाही’ एवढं लोकांनी म्हटलं तरी कायदा लांबतो.

प्रतिसाद : ‘संदेह’ चालेल का? आणि कोर्टातला ‘संशयाचा फायदा’ इथं कुणाला मिळतो?

उत्तर : सर, ‘संदेह’ पुस्तकी आहे, अर्थ तोच राहतो. दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. कारखाने नेमकं तेच माप नदीला लावतात. रिओला १९९२ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेच्या जाहीरनाम्यातलं १५ वं तत्त्व सांगतं की, गंभीर हानीचा धोका असेल तिथं पूर्ण शास्त्रीय खात्री नाही म्हणून उपाय पुढं ढकलू नयेत. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा वेल्लोर खटला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. आपल्या कामानं पर्यावरणाला अपाय नाही हे उद्योगानं सिद्ध करायचं, असं न्यायालयानं त्यात सांगितलं. याला मराठीत ‘सावधगिरीचं तत्त्व’ म्हणतात, शब्द चांगला आहे.

ताई, लेखात ‘अनिश्चितता’च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथं ‘म्हणजे अंदाजातली कमी-जास्त’ एवढं जोडा. आणि मूळ लेखात जिथं ‘डाउट’ असेल, तिथंच ‘शंका’ वापरा.