कंत्राटदाराने मोझॅक फरशी ॲसिडने खराब केली, उरलेले पैसे अडवून ठेवावेत का?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आमचा ऐंशीच्या दशकातला फ्लॅट आहे, आई-बाबा तिथे राहतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्याने करायचं काम एका कंत्राटदाराला दिलं होतं. हॉल आणि बेडरूमची मूळची मोझॅक फरशी तशीच ठेवायची, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. बाबांचा त्या फरशीवर फार जीव आहे. हिरवट-करड्या खड्यांची तशी जोडीची फरशी मी बाजारात शोधली, मला मिळाली नाही.

फरशीवर प्लास्टिक अंथरून त्यावर पीओपीचा थर द्या, असं मी व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं होतं. त्यांनी नुसती गोणपाटं टाकली आणि राडारोडा त्यावरून ओढत नेला. दारापाशी काही फरश्यांचे कोपरे उडाले. तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण शेवटी सिमेंटचे डाग काढायला बिगाऱ्याने संडास धुवायचं ॲसिड पाणी न घालता हॉलभर ओतलं आणि खराट्याने घासलं. मोझॅकमधले संगमरवराचे खडे आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंट, दोन्ही ॲसिडने झिजतात. आता चकाकी पूर्ण गेली आहे, पांढरे चट्टे पडलेत, हात फिरवला की खरखर लागते. वाफेने नव्या ट्रॉल्यांच्या बिजागऱ्यांवर गंजाचे ठिपकेही आलेत.

कंत्राटदार म्हणतो, "एक पॉलिश मारून देतो, नवी होईल." फडक्याने ओली करून "बघा, गेले की डाग" असंही दाखवून झालं. वाळल्यावर चट्टे जसेच्या तसे. तो वरून मेण लावून देणार असं मला दिसतंय, आणि खरखरीत झालेल्या फरशीवर ते टिकणार नाही. जुन्या फरश्यांचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीने पाहून सांगितलं की मशीनने वरचा थर घासून काढावा लागेल, खड्डे रंगीत सिमेंटने भरायचे, मग बारीक नंबरच्या दगडांनी चढत्या क्रमाने पॉलिश. पण ही फरशी पूर्वी एकदा घासून झाली आहे. खड्यांचा थर वरच असतो, खाली साधं सिमेंट. अजून एकदा घासण्याइतका थर उरलाय का, हे न फोडता कसं कळतं? कोपरा उडालेल्या फरशीच्या कडेवर मोजलं तर चालेल का? शिवाय हे काम पाणी घालून होतं. तो चिखल प्लायच्या नव्या ट्रॉल्यांत जाऊ नये म्हणून काय करतात?

आता पैशांचं. काम 4,80,000 रुपयांचं, त्यातले 70,000 द्यायचे बाकी आहेत. करार म्हणून हाताने लिहिलेलं एस्टिमेट, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. पैसे यूपीआयने दिलेत. उरलेले मिळाल्याशिवाय पॉलिशला माणूस पाठवणार नाही, असं तो म्हणतो. मी ते पैसे अडवून, दुसऱ्याकडून फरशी नीट करून घेऊन तो खर्च वजा केला तर कायद्याने अडचण येईल का? की आधी स्पीड पोस्टाने नोटीस देऊन दुरुस्तीची मुदत द्यायची?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे, एवढं वाचलंय. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पण फरशी ॲसिडनेच गेली हे आयोगापुढे कोणाच्या लेखी अहवालाने टिकतं? सिव्हिल इंजिनिअरचा पुरेल, की मान्यताप्राप्त व्हॅल्युअर लागतो? दुरुस्ती आधी केली तर पुरावाच जाईल, अशीही भीती वाटते. फोटो मी कोरड्या फरशीचे, दिवसाच्या उजेडात काढून ठेवलेत.

कोणी अशा प्रकरणात आयोगापर्यंत गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पुण्यात जुन्या मोझॅकचं काम मनापासून करणारा माणूस माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.