उन्हाळ्यात मनगटावर कोणतं घड्याळ? तुमचे अनुभव सांगा

पुणे (धाग्याची सुरुवात)

होळी झाली की मी दोन कामं करते. नवा माठ आणते आणि घड्याळाचा पट्टा बदलते.

माझ्याकडे बाबांचं एचएमटी जनता आहे. १७ ज्युवेलचं, रोज सकाळी चावी द्यावी लागते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, आणि पुढे कितीतरी वर्षं दहावी पास झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं की घरोघर हीच घड्याळं यायची. बाबांनी त्यांचं पहिल्या पगारातून घेतलं होतं. ते गेल्यापासून मी वापरते.

तीन वर्षांपूर्वी अख्खा मे महिना मी ते चामड्याच्या पट्ट्यासकट घातलं. रोजचा बसचा प्रवास. पंधरा दिवसांत पट्ट्याची आतली बाजू काळी, चिकट झाली आणि वास मारू लागली. एका रात्री घड्याळ उलटं केलं तर मागच्या झाकणाच्या कडेने हिरवट थर धरलेला. नखाने खरवडला तर निघाला. माझ्याच घामाचा थर. बाबांच्या घड्याळाला आपण काय केलं हे, असं वाटून मला रडू आलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात नायलॉनचा पट्टा. १८ मिलिमीटरचा, एकसंध, पिनांच्या खालून ओवून घ्यायचा. ब्रिटिश सैन्याने १९७३ साली ठरवून दिलेल्या नमुन्यावरून आलेला हा प्रकार. एक पिन तुटली तरी घड्याळ खाली पडत नाही. शिवाय पट्ट्याचा एक पदर झाकण आणि कातडी यांच्या मधे येतो, त्यामुळे घाम थेट झाकणाला लागत नाही.

माझं मत असं झालंय की उन्हाळ्याचं घड्याळ निवडायचं म्हणजे आधी पट्टा निवडायचा, डायल नंतर. तुम्हाला काय वाटतं? कोणतं घड्याळ, कोणता पट्टा, आणि का, ते लिहा. किंमत सांगायची गरज नाही. तुमच्या मनगटाला काय सोसलं ते सांगा.

चंद्रपूर, डंपरचालक

ताई, आमच्याकडे पट्ट्याच्याही आधी वजन येते. मी उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि नवतपा लागला की केबिनच्या पत्र्याला हात लावता येत नाही. आधी मी स्टीलची चेन वापरायचो. कोळशाची भुकटी आणि घाम एकत्र होऊन चेनच्या कड्यांमध्ये बसतो. काळा, ग्रीससारखा. स्टिअरिंग फिरवलं की तोच मनगट सोलून काढतो.

आता कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. १९८९ सालचं मॉडेल आहे, अजून मिळतं. वजन जेमतेम २१ ग्रॅम, हातात आहे हे आठवतसुद्धा नाही. एका सेलवर सात वर्षं चालेल असं कंपनी सांगते, माझं सहावं वर्ष सुरू आहे. कामाची पाळी संपली की ओल्या फडक्याने पुसतो, बस.

एक गोष्ट माहीत असू द्या. माझं आधीचं एक डिजिटल घड्याळ दुपारभर डॅशबोर्डवर राहून गेलं होतं. पाहतो तर आकडेच नाहीत, सगळी काच काळी. खराब झालं समजून फेकायलाच निघालो होतो. झाडाखाली बसून डबा खाल्ला तेवढ्यात सावलीत आकडे परत आले. खूप तापलं की आतलं द्रव असं काळं पडतं आणि थंड झालं की पूर्ववत होतं, हे मला मग मुलानं सांगितलं. तर लगेच फेकू नका.

रत्नागिरी, आंबा बागायतदार

एप्रिल-मे म्हणजे आम्हाला मान वर करायलाही वेळ नसतो, खरं तर मान वरच असते. घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा काढताना देठ तुटला की चीक उडतो. कातडीवर पडला तर भाजल्यासारखा डाग उठतो, आणि चामड्याच्या पट्ट्यावर पडला तर तो डाग कायमचा. म्हणून मी स्टीलच्या चेनवाला. चिकाचा ठिपका वाळला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, मग साबण.

घड्याळ सेको ५. ऑटोमॅटिक, वार आणि तारीख दाखवणारं. दिवसभर घळ हातात असली की हात हलत राहतो आणि घड्याळ आपोआप भरलेलं राहतं. पावसाळ्यात मी चार दिवस घरात बसलो की ते बंद पडतं.

चेनवाल्यांसाठी एक सांगतो. दुपारी उष्म्याने हात सुजतो आणि सकाळी सैल वाटणारी चेन बारा वाजता रुतायला लागते. कडी काढायची किंवा घालायची गरज नसते. कुलपाच्या कडेला बारीक भोकांची रांग असते बघा. तिथली पिन टाचणीने दाबायची, चेन एक भोक पुढे सरकवायची. मी मार्चमध्ये एक भोक सैल करतो आणि दिवाळीला परत आवळतो. बायको म्हणते, तुमच्या घड्याळावरून ऋतू कळतो.

मुंबई, परिचारिका

कामावर मनगटाला काहीच नाही. हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, आणि पट्ट्याखाली जंतू राहतात. माझं घड्याळ गणवेशाला छातीवर पिनेने लावलेलं, उलटं टांगलेलं, म्हणजे मी खाली पाहिलं की मला सुलटं दिसतं. त्याला सेकंद काटा हवाच, नाडी मोजायची असते. पेशंटचं मनगट माझ्या बोटांखाली आणि नजर काट्यावर, तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. नाडी अनियमित लागली तर पूर्ण मिनिट. मे महिन्यात पंखा बंद पडलेल्या वॉर्डातही ते पिनेचं घड्याळ मला कधी नकोसं झालं नाही, कारण ते अंगाला लागतच नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र मनगटावर घड्याळ घालते. आठवडाभर मोकळा राहिलेला हात सजवावासा वाटतो.

सांगली, घड्याळजी

चाळीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांचं खरं दुखणं ऊन नसतं, घाम असतो. पाणी वाळून जातं, घामातलं मीठ राहतं. ते पट्टा अडकवायच्या पिनांवर बसतं, चेनच्या कड्यांत बसतं, चावीच्या दांड्यावरून आत उतरतं. पिन आतून गंजत जाते आणि एक दिवस रस्त्यात तुटते. म्हणून दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही पिना बदलून घ्या. अगदी किरकोळ खर्च आहे.

दुसरं, डायलवर ३० मीटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ३० मीटर खोल पाण्यात चालतं असा नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. ३० म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, थोडा पाऊस. ५० असेल तर साधं पोहणं. १०० असेल तर विहिरीत उडीही चालेल. मात्र गरम पाण्याच्या अंघोळीला कोणतंच घड्याळ नको, आणि पाण्यात असताना चावी ओढायची नाही की बटण दाबायचं नाही.

हे आकडेसुद्धा आतलं रबरी वॉशर चांगलं असेपर्यंतच खरे. वॉशर वर्षागणिक कडक होतं, चपटं पडतं. सेल बदलताना झाकण उघडतंच, तेव्हा वॉशर बघायला सांगा. मी काढून बोटांत वाकवून बघतो. चीर दिसली की नवं, नाहीतर सिलिकॉन ग्रीसचं बोट. घाईत सेल टाकून झाकण दाबून दिलेली घड्याळं पुढच्याच पावसात माझ्याकडे येतात.

काचेच्या आतून वाफ धरली तर ती आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका. वाफ दिसेनाशी होते, ओल आतच राहते आणि मशीनला गंज धरतो. चावी बाहेर ओढा, घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात बंद करा आणि लवकरात लवकर उघडायला आणा. तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते.

पुण्याच्या ताईंना एक सांगायचं आहे. नायलॉनचा पट्टा उत्तम, पण ओला झालेला पदर झाकणाला चिकटून राहिला तर तोच ओल धरून ठेवतो. दोन पट्टे ठेवा, एक हातावर, एक दोरीवर वाळत. आणि जुन्या चावीच्या घड्याळात वॉटरप्रूफपणा धरूच नका. दहा ते पाच या वेळात ते घरी राहू द्या.

नाशिक

मी पळतो, त्यामुळे स्मार्टवॉच. मागचा हिरवा दिवा कातडीला चिकटून असला तरच नाडी नीट मोजली जाते, म्हणून आवळून बांधावं लागतं. एप्रिलमध्ये त्याच्याखाली घामोळं उठलं, चौकोनी, घड्याळाच्या मापाचं. आता पळून झालं की लगेच दुसऱ्या हातावर, सैल. दिवसभर त्याच हातावर ठेवणं बंद केलं आणि आठवड्यात कातडी बरी झाली.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षिका

आमच्या पिढीतल्या बायका घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. काच आपटत नाही, आणि हातात पर्स किंवा वह्यांचा गठ्ठा असला तरी वेळ बघता येते. मी छत्तीस वर्षं तसंच बांधलं. उन्हाळ्यात मात्र आतली बाजू जास्त घामेजते, काच धूसर होते. परीक्षेच्या दिवसांत वर्गात उभी राहून मी पदराने काच पुसायची आणि मग फळ्यावर वेळ लिहायची. निवृत्त झाले तेव्हा पहिल्यांदा डायल बाहेर केली. पहिला महिनाभर वेळ बघायला हात उलटाच व्हायचा.

उन्हाळ्याचं घड्याळ म्हणजे मला लग्नसराईचं घड्याळ वाटतं. वैशाखात शालू, हातभर बांगड्या आणि त्यात जाड घड्याळ म्हणजे काचेवर काच घासणार. मुलीने टायटन एज दिलं. २००२ साली निघालं तेव्हा सगळं घड्याळ मिळून साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं, असं तिने सांगितलं. बांगड्यांच्या मागे सारून ठेवलं की टोचत नाही, मांडवात भर दुपारीसुद्धा नाही.

दुबई, साइट इंजिनीअर

इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे माझ्या घड्याळाने दिवसातून दोनदा बिनचूक असलंच पाहिजे. साडेबाराला मी हात वर करतो आणि माझी माणसं सावलीत जातात. त्यात पाच मिनिटांचीही चूक मला चालत नाही. माणसं उन्हात उभी असतात.

सिटिझनचं इको-ड्राइव्ह आहे, उजेडावर चालणारं. उजेडाची इथे कमतरता नाही. केस टायटॅनियमची. हलकी आहे आणि तिच्यात निकेल नाही. माझ्या कातडीला निकेल सोसत नाही हे मला इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं, स्टीलच्या झाकणाखाली गोल लाल चट्टा उठला तेव्हा. मला वाटत होतं घामोळं. डॉक्टरांनी पॅंटच्या बटणाजवळची कातडी बघितली, तिथेही तसाच चट्टा होता. महिनोन्महिने चट्टा बरा होत नसेल तर पावडर लावत बसू नका, धातू तपासा.

घड्याळजी काकांनी वाफेचं लिहिलंय त्याला जोड म्हणून सांगतो. एसीतून बाहेरच्या दमट हवेत आलं की घड्याळावर लगेच धुकं येतं. आधी बोटाने पुसून बघा. पुसलं गेलं तर ते बाहेरचं आहे, काळजी नको.

मेलबर्न

आमचा उन्हाळा तुमच्या थंडीत. जानेवारीत चाळिशी गाठतो. समुद्रावर २०० मीटरचं डायव्हर घड्याळ, रबरी पट्टा. सनस्क्रीनने पट्टा चिकट होतो आणि त्याला वाळू धरते, म्हणून आधी क्रीम, ते मुरल्यावर घड्याळ. घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धरायचं, काचेभोवतीचं फिरतं कडं सावकाश फिरवत, म्हणजे खालची वाळू निघते.

सोलापूर, संगीत शिक्षक

मी दृष्टिहीन आहे. माझं घड्याळ एचएमटीचं ब्रेल. झाकण उघडायचं आणि बोटाने काटे चाचपायचे. कडेला उठावाचे ठिपके आहेत, त्यांच्यावरून आकडा कळतो. काच नसल्यामुळे माझ्या बोटाचा घाम थेट काट्यांवर जातो. उन्हाळ्यात मी खिशात दोन रुमाल ठेवतो, एक तोंडाला आणि एक फक्त उजव्या तर्जनीला. बोट पुसायचं, मग झाकण. ओलं बोट काट्यावर अडखळतं आणि काटा सरकला तर वेळच चुकते.

बोलणारं घड्याळही घरी आहे. पण विद्यार्थी आलापी करत असताना ते बोलून उठलं की माझा जीव कळवळतो. ब्रेलचं घड्याळ गप्प असतं. गाणं चालू असताना मी झाकण उघडतो, वेळ बघतो, बंद करतो, आणि मुलाला कळतही नाही.

चंद्रपूर, डंपरचालक

काका, एक विचारतो. घरच्या खिडकीजवळचं सेलवालं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते आणि हिवाळा संपता संपता बरोबर चालते. सेल नवा आहे. हे खरंच उन्हानं होते का?

सांगली, घड्याळजी

होय. आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि तो साधारण २५ अंशाला जुळवलेला असतो. त्याहून तापला तरी मंदावतो आणि गार पडला तरी मंदावतो. ४५ अंशाला दिवसाकाठी सेकंदभर मागे पडेल. हातावरच्या घड्याळाला हे जाणवत नाही, कारण अंगाची ऊब त्याला सांभाळून घेते. ते खिडकीजवळचं आतल्या भिंतीवर लावा.

पुणे

काका, दुसरा पट्टा आणला. एक आत्ता दोरीवर आहे. जनताला मी आता संध्याकाळी सहानंतर चावी देते.