मदत हवी आहे: अमेरिकेतली व्हीएचएस कॅसेट, रंग नाही, चित्र वरखाली सरकतंय

जुनीटेप: ‘गुडटाइम गर्ल्स’ ही मालिका, एबीसी ही अमेरिकन टीव्ही वाहिनी, १९८०. काळ १९४२, वॉशिंग्टन, युद्धामुळे नोकरीला लागलेल्या मुली. १३ भागांत बंद पडली. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले चार भाग हाती आलेत. आवाज नीट आहे, चित्र नाही. लॅपटॉपवर घ्यायचेत, कॅसेट शनिवारी परत द्यायची आहे. लवकर सांगा.

सोल्डरगन: व्हीसीआर कुठला? कॅप्चर कशाने करताय?

पडदानशीन: यात पीटर स्कोलारी हा नट आहे ना? मग ही त्याची दुसरी मालिका ‘बोझम बडीज’च. ती सहज मिळते, कॅसेट कशाला?

रेशनकार्ड: नाही हो. ‘बोझम बडीज’ नोव्हेंबर १९८० मधली, ही जानेवारीतली. इथे ॲनी पॉट्सची एडिथ सरकारी किंमत-नियंत्रण कार्यालयात, बेटी बाल्टिमोरच्या युद्धसाहित्याच्या कारखान्यात. लोरेटा पेंटॅगॉनमध्ये, १९४२ मध्ये त्या इमारतीचं बांधकाम चालूच होतं, एकीकडे माणसं कामाला बसत होती.

जुनीटेप: हे सगळं नंतर. व्हीसीआर साधा, इथलाच. यूएसबीची कॅप्चर पट्टी आहे, व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपवर घेणारी.

सोल्डरगन: मग तिथेच अडलंय. आपल्याकडे टीव्ही-चित्राची पद्धत पाल: ६२५ रेषा, सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र). अमेरिकेत एनटीएससी: ५२५ रेषा, जवळपास ६० फील्ड, रंगाची पद्धतही वेगळी. दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर भाड्याने आणा. सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी-एम, ७२० × ४८०, २९.९७ फ्रेम. व्हीसीआरवर नुसतं ‘एनटीएससी ऑन पाल टीव्ही’ लिहिलं असेल तर घेऊ नका. तो पाल-६० सोडतो, म्हणजे एनटीएससीचं चित्र पालच्या रंगपद्धतीत. टीव्ही चालवून घेतो, बऱ्याच पट्ट्या घेत नाहीत.

बुरशीमार: थांबा! आधी कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळी बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी. तशीच लावलीत तर हेड बरबटतील आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा, मगच प्ले.

जुनीटेप: भुकटी नाही. मल्टिसिस्टिम मिळाला, रंग आला! पण कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा.

पडदानशीन: यॅडिफ लावा (कंगव्याच्या रेषा घालवणारं फिल्टर), संपलं.

सोल्डरगन: डोळे झाकून नको. मालिका फिल्मवर चित्रित असेल तर २४ फ्रेमचे ६० फील्ड केलेले असतात. त्यावर यॅडिफ लावलंत तर मूळची शाबूत फ्रेमही बिघडते. एकेक फ्रेम पुढे सरकवा. तीन स्वच्छ, दोन कंगवा असं पाचाचं चक्र दिसलं तर फिल्म: आधी फील्डमॅच (जुळणारे फील्ड परत जोडणारं फिल्टर), मग डेसिमेट (जादा फ्रेम काढणारं), शेवटी सेकंदाला २३.९७६ फ्रेम. प्रत्येकच फ्रेमला कंगवा असेल तर व्हिडिओ. मग यॅडिफ, पण सेकंदाला ५९.९४ फ्रेमवर.

बुरशीमार: आणि मूळ कॅप्चर पुसू नका. एवढी एकच प्रत असेल तर चुकीची फिल्टर लावलेली फाइल परत सरळ होत नाही.

सोल्डरगन: बरोबर. चक्र नामावळीवर मोजू नका, अक्षरं कधी कधी वेगळी चढवलेली असतात. संवाद चालू असताना कुणी हात हलवतंय असा तुकडा घ्या.