नरनाळा किल्ल्याच्या डागडुजीला अकोला जिल्ह्याचा पैसा द्यावा का?

अकोटवाला:
परवा पाहुण्यांना घेऊन पायथ्याच्या शहानूर गावाकडून नरनाळ्यावर गेलो. महाकाली दरवाजा १४८७ चा, वऱ्हाडचा बहमनी सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्कच्या वेळचा. त्यावरची कोरीव अक्षरं पाहून पाहुणे गप्पच झाले. पण तटात झाडं उगवलीत, तलावात गाळ साचलाय. जिल्हा नियोजनाच्या पैशातून दरवर्षी काही रक्कम या किल्ल्याला बांधून द्यावी, असं माझं मत. महोत्सवाला मांडव पडतो, मग भिंतीला चुना का नाही?

खारपाणपट्टा:
भाऊ, एक डाव आमच्या गावात या. बोअरचं पानी तोंडात धरवत नाई, नळ दहा दिवसानं येते. सोयाबीनले भाव नाई. अन् तुमाले चुना पायजे! राजे गेले, त्यायच्या भिंती दिल्लीनं सांभाळाव्या. आमच्या वाट्याले हात लावू नोका.

अकोटवाला:
पाण्याचंच म्हणता ना? त्या डोंगरावर पावसाचं पाणी तलावांत धरून अख्खी शिबंदी राहायची. शक्कर तलाव बघा एकदा. रोजगार हमीतून तिथला गाळ उपसला तर पायथ्याच्या मजुरांना हाताला काम मिळेल.

मास्तरीणबाई:
फावडं जरा थांबवा. किल्ला केंद्रीय संरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यानं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही, हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यात हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा, म्हणजे वनखात्यालाही विचारा. गाळात खापरं, नाणी असू शकतात. मजुरांनी तो टोपल्यानं उपसला की पुरावाच गेला. आणि उत्साहानं कुणी सिमेंट थापलं तर त्यामागं ओल कोंडते, जुना दगड झिजायला लागतो. (असली ‘दुरुस्ती’ मी दुसरीकडं पाहिलीय, पडझड परवडली.) तटाचा खर्च केंद्रानंच करावा. जिल्ह्यानं पायथ्याशी संडास, प्यायचं पाणी आणि गावच्या पोरांना गाईडचं शिक्षण एवढं दिलं तरी पुष्कळ.

खारपाणपट्टा:
मंग गेटवरच्या तिकिटाचा पैसा लावा ना तिथं!

मास्तरीणबाई:
ते तिकीट जंगलाचं आहे, किल्ल्याचं नाही.

अकोटवाला:
बाई, केंद्राच्या यादीत असे हजारो किल्ले-देवळं. आपण जिल्ह्यातून निदान हिस्सा देतो म्हटलं, तर नरनाळ्याची फाइल वर सरकेल. नुसती वाट पाहून झाडाची मुळं थांबत नाहीत.

खारपाणपट्टा:
संडासाले माझी हरकत नाई बाप्पा. पन आधी आमच्या नळाचा पाइप टाका, मंग हिश्श्याचं बोलू.